दुसऱ्या राज्यातली कंपनी, इथला वितरक आणि माझा स्मॉल क्लेम्सचा दावा

जानेवारी ते जून २०२५ या काळात मी सांता क्लारा काउंटीच्या सुपिरियर कोर्टात, स्मॉल क्लेम्स म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या विभागात, एका कंपनीवर दावा चालवला. कंपनी ओहायोतली, मी सॅन होजेची. कॅलिफोर्नियात कंपनीचं ऑफिस नाही, गोदाम नाही, पगारी माणूसही नाही. सॅक्रामेंटोजवळ एक वितरक तेवढा आहे, आणि तोही स्वतःचा स्वतंत्र धंदा असलेला. त्याच्या हातात कागद दिले तर ते कंपनीवर बजावले गेले असं कोर्ट धरेल का, या प्रश्नाने मला मूळ भांडणापेक्षा जास्त दमवलं. आपल्या मराठी लोकांत या विषयावर काही लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून घडलं तसं लिहिते आहे. मी वकील नाही आणि हे सगळं फक्त कॅलिफोर्नियाबद्दल आहे. शेजारच्या राज्यातसुद्धा नियम वेगळे असतात.

भांडण काय होतं ते थोडक्यात. मार्च २०२३ मध्ये आम्ही घराला पाणी मऊ करणारं यंत्र बसवून घेतलं. आमच्या भागात येणारं पाणी जड आहे. नळांवर पांढरा थर बसतो, डाळ शिजता शिजत नाही. बसवण्यासकट ७,४०० डॉलर मोजले. विकणारा जवळचाच एक डीलर होता, पण टाकीवर दहा वर्षांची लेखी हमी कंपनीची स्वतःची होती. ऑगस्ट २०२४ मध्ये टाकी सांध्यावर उलली आणि रात्रभरात गॅरेजमध्ये पाणी साचलं, भिंतीचा खालचा भाग फुगला. तोवर डीलरने दुकान बंद करून गाव सोडलं होतं. कंपनीला फोन केला तर त्यांनी वितरकाकडे पाठवलं. वितरकाचा तंत्रज्ञ आला, फोटो काढले, अहवाल कंपनीला पाठवला. कंपनीचं उत्तर आलं की तुमच्या घरातला पाण्याचा दाब जास्त होता, हमी लागू नाही. प्लंबरकडून दाब मोजून घेतला, तो मर्यादेतच निघाला. त्यानंतर कंपनीकडून नुसती टोलवाटोलवी सुरू झाली.

स्मॉल क्लेम्समध्ये दावा लावण्याआधी पैसे मागितलेले असावे लागतात. अर्जातच तो प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी एका पानाचं मागणीपत्र लिहिलं: काय घेतलं, काय झालं, हमीतलं कुठलं वाक्य मोडलं, किती पैसे हवेत, किती तारखेपर्यंत. रक्कम ६,९०० डॉलर. पत्र पोचपावतीसह सर्टिफाइड मेलने ओहायोच्या मुख्य ऑफिसला पाठवलं आणि एक प्रत वितरकाला. पत्रात राग अजिबात ठेवू नका. पुढे न्यायाधीश तेच पत्र वाचतात. नोव्हेंबरात दोन ओळींचा नकार आला. तो नकारही फाइलला लावून ठेवला.

मग कंपनीचा शोध. कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं (राज्यातल्या कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचं) बिझफाइल नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे फुकट शोधता येतं. इथे नोंदणी केलेल्या प्रत्येक कंपनीला कोर्टाचे कागद घेणारा एक एजंट नेमावा लागतो आणि त्याचं नाव-पत्ता तिथे दिसतो. तो सापडला तर पुढचं हे सगळं तुम्हाला वाचायचीही गरज नाही, त्या एजंटला कागद द्या. मला जिच्यावर दावा लावायचा होता ती कंपनी मात्र तिथे नव्हतीच. मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्या कंपन्या होत्या, म्हणून ओहायोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या नोंदीतून आधी कंपनीचं अचूक कायदेशीर नाव काढलं. यंत्रावर छापलेला ब्रँड आणि कंपनीचं नोंदलेलं नाव बऱ्याचदा वेगळं असतं, आणि निकाल चुकीच्या नावावर लागला तर वसुलीच्या वेळी त्याचा काही उपयोग नाही.

नोंदणी नसणं बेकायदेशीर असेलच असं नाही. कॅलिफोर्नियाच्या कॉर्पोरेशन्स कोडच्या कलम १९१ प्रमाणे फक्त स्वतंत्र कंत्राटदारांमार्फत माल विकणं हा नोंदणी लागणारा राज्यांतर्गत धंदा धरला जात नाही. म्हणजे वितरक नेमून विकणारी कंपनी इथे एजंट न ठेवताही राहू शकते. माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला रस्ता अडतो तो इथेच.

प्रत्येक काउंटीत स्मॉल क्लेम्सचा सल्लागार असतो, त्याचा सल्ला फुकट असतो. आमच्या काउंटीच्या सल्लागार बाईंनी फोनवर शांतपणे समजावलं. स्मॉल क्लेम्सचा कागद कॅलिफोर्नियाच्या हद्दीतच बजावला गेला पाहिजे. इथे जमीनजुमला असलेले परराज्यातले मालक आणि इथे झालेले वाहन अपघात असे मोजके अपवाद सोडले, तर ओहायोला टपालाने पाठवलेला कागद या कोर्टात बजावणी म्हणून चालत नाही. दुसरा रस्ता लिमिटेड सिव्हिल दाव्याचा, म्हणजे नेहमीच्या दिवाणी दाव्याचा. तिथे कोड ऑफ सिव्हिल प्रोसीजरच्या कलम ४१५.४० खाली परराज्यातल्या प्रतिवादीला पोचपावती मागणाऱ्या टपालाने समन्स पाठवता येतं, आणि टपालात टाकल्यापासून दहाव्या दिवशी ते बजावलं गेलं असं मानतात. वितरकाचा प्रश्नच येत नाही. पण तिथे दहा हजारांपर्यंतच्या दाव्याला २२५ डॉलर फी, कंपनीकडून वकील येणार, कागदपत्रांच्या मागण्या, अर्जावर अर्ज. स्मॉल क्लेम्समध्ये वकील उभा राहू शकत नाही. कंपनीला आपला अधिकारी किंवा कर्मचारीच पाठवावा लागतो. व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा करता येतो (ही मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून आहे), आणि पाच हजारांच्या वरच्या दाव्याला फी ७५ डॉलर.

नवऱ्याचं म्हणणं होतं की वकिलाला पैसे देऊन मोठ्या कोर्टात जावं, निदान बजावणीची खात्री तरी राहील. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण वकिलाचा पहिला अंदाजच दाव्याच्या निम्म्याच्या आसपास निघाला. मी स्मॉल क्लेम्स धरलं, आणि मग वितरकाचा प्रश्न नीट समजून घेणं भाग पडलं.

कॉर्पोरेशन्स कोडच्या कलम २११० मध्ये परराज्यातल्या कंपनीवर कागद कोणाच्या हाती देता येतात ते सांगितलं आहे: नेमलेला एजंट, कंपनीचा अधिकारी, किंवा कंपनीचा ‘या राज्यातला जनरल मॅनेजर’. हा शेवटचा शब्दप्रयोग वाचून वाटतं की तसा हुद्दा असलेला पगारी माणूस हवा. कोर्टांनी त्याचा अर्थ बराच रुंद लावला आहे. सांता क्लारा काउंटी लॉ लायब्ररी कोणालाही खुली आहे. तिथल्या ग्रंथपालाने मला १९५९ चा कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाचा निकाल काढून दिला: कॉस्पर विरुद्ध स्मिथ अँड वेसन. बंदुका बनवणारी ही कंपनी मॅसॅच्युसेट्सची. कॅलिफोर्नियातल्या जखमी माणसाने दाव्याचे कागद दिले ते कंपनीच्या इथल्या विक्री प्रतिनिधीला. तो कमिशनवर काम करायचा, इतर कंपन्यांचंही काम बघायचा, कंपनीचा नोकर नव्हता. तरीही कोर्टाने ती बजावणी ग्राह्य धरली.

निकालातून मला हाती धरायला दोन कसोट्या मिळाल्या. पहिली: या माणसामुळे कंपनीला धंद्याचा जवळजवळ तोच फायदा मिळतो का, जो इथे स्वतःचं ऑफिस किंवा पगारी माणसं ठेवून मिळाला असता? दुसरी: हा माणूस एवढ्या जबाबदारीच्या जागी आहे का, की त्याच्या हाती पडलेला कागद कंपनीपर्यंत पोचेल याची रास्त खात्री वाटावी? करारात ‘स्वतंत्र’ असं लिहिलंय की नाही यावर हे ठरत नाही. तो कंपनीसाठी इथे प्रत्यक्षात काय काय करतो यावर ठरतं. हे समजल्यावर माझी भीती बरीच कमी झाली, कारण प्रत्यक्षात काय चालतं हे मी स्वतः पाहिलं होतं आणि त्याचे कागद माझ्याजवळ होते.

पण दोन्ही बाजूंनी बघायला हवं. मला यंत्र विकणारा छोटा डीलरसुद्धा स्वतःला कंपनीचा अधिकृत विक्रेताच म्हणायचा. तो दुकानात असता आणि मी त्याच्या हाती कागद दिले असते तर ते टिकले असते असं मला वाटत नाही. तो माल घ्यायचा, विकायचा, संपलं. आपल्यातले बरेच जण साखळी पद्धतीने उत्पादनं विकणाऱ्यांकडून वस्तू घेतात. ते सगळे कार्डावर ‘स्वतंत्र वितरक’ असं छापतात. तसे हजारो असतात, आणि त्यांतल्या एकाच्या दारात कागद ठेवून कंपनीवर बजावणी झाली असं कोणतंही कोर्ट सहजी मान्य करणार नाही. पद काय आहे ते सोडून काम काय आहे ते बघा.

आणखी एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी, कारण सल्लागार बाईंनी ती दोनदा सांगितली. बजावणी नीट झाली का हा एक प्रश्न, आणि कॅलिफोर्नियाच्या कोर्टाला या कंपनीवर अधिकार आहे का हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचा पाया अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या १९४५ च्या इंटरनॅशनल शू निकालात आहे: कंपनीचा त्या राज्याशी किमान संबंध असला पाहिजे आणि दावा त्या संबंधाशी निगडित असला पाहिजे. २०२१ मध्ये फोर्ड कंपनीच्या खटल्यात त्याच कोर्टाने सांगितलं की जी कंपनी एखाद्या राज्याची बाजारपेठ पद्धतशीरपणे जोपासते, तिच्या मालाने त्या राज्यात तिथल्या रहिवाशाचं नुकसान झालं तर तिथे दावा चालू शकतो. माझं यंत्र इथे विकलं गेलं, इथे फुटलं, हमी इथे पाळायची होती. त्या बाजूने मला चिंता नव्हती.

डिसेंबरचा महिना मी पुरावे जमवण्यात घातला. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘कॅलिफोर्निया’ निवडलं की विक्री आणि दुरुस्ती दोन्हींसाठी या एकाच वितरकाचं नाव येत होतं. त्या पानाची तारखेसह छापील प्रत घेतली. अशी पानं कधीही बदलतात, म्हणून दावा लावण्याआधीच घ्या. हमीपत्रात छापलं होतं की पश्चिमेकडच्या गिऱ्हाइकांनी हमीचे दावे वितरकाकडे नोंदवावेत. त्याच्या तंत्रज्ञाच्या व्हॅनवर कंपनीचं चिन्ह होतं आणि तो फोटो सासऱ्यांनी सहज काढलेला होता. सगळ्यांत मोलाचा निघाला वितरकाचा ईमेल: ‘तुमची तक्रार आम्ही कारखान्याकडे पाठवली आहे, त्यांचा निर्णय आला की कळवू.’ कागद त्याच्याकडून कंपनीकडे जातात याचा यापेक्षा सरळ पुरावा कुठला? डीलरांना प्रशिक्षण हाच वितरक देतो हे त्याच्या स्वतःच्या जाहिरातीत होतं, तेही घेतलं.

तंत्रज्ञ आला तेव्हा घरी सासरेच होते. त्यांचं म्हणणं मी त्यांच्याशी मराठीत बोलून लिहून काढलं, इंग्रजीत एमसी-०३० या प्रतिज्ञापत्राच्या फॉर्मवर घेतलं, परत त्यांना ओळ न् ओळ मराठीत सांगितलं आणि मग त्यांनी सही केली. घरातल्या कोणाला प्रत्यक्ष बोलायचं असेल आणि इंग्रजी जमत नसेल तर दुभाष्यासाठी आयएनटी-३०० हा फॉर्म आहे. तो जितक्या लवकर देता येईल तितका द्या.

१३ जानेवारी २०२५ ला एससी-१०० भरून दावा दाखल केला. स्मॉल क्लेम्समध्ये वेगळं समन्स नसतं. हाच फॉर्म दावा आणि हाच कोर्टात येण्याचा हुकूम. त्यात प्रतिवादी कंपनी असेल तर कागद कोणाला द्यायचे त्याचं नाव आणि हुद्दा लिहायची जागा असते. तिथे मी वितरकाच्या मालकाचं नाव आणि पुढे ‘या राज्यातला जनरल मॅनेजर, कलम २११०’ असं लिहिलं. प्रतिवादी म्हणून फक्त कंपनी. वितरकावर दावा करायला माझ्याकडे कारण नव्हतं. त्याने मला काही विकलं नव्हतं, हमीही त्याची नव्हती. सुनावणीची तारीख पडली ११ मार्च.

तारखांचा हिशेब इथे फार जपून करावा लागतो. प्रतिवादीला कागद हातात द्यायचे असतील तर त्याच काउंटीत सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी, काउंटीबाहेर किमान २० दिवस आधी. माणूस न भेटल्याने ऑफिसातल्या जबाबदार व्यक्तीकडे देऊन वर टपालाने प्रत पाठवली तर प्रत्येकी आणखी दहा दिवस धरायचे, म्हणजे २५ आणि ३०. वितरक दुसऱ्या काउंटीतला, म्हणून मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याची सीमा मनाशी आखली. तेवढ्यात मालक भेटला नाही तरी दुसरा मार्ग उरला असता.

कागद आपण स्वतः द्यायचे नसतात. अठरा वर्षांवरचा, दाव्याशी संबंध नसलेला कोणीही देऊ शकतो. माझा मावसभाऊ फॉल्समला राहतो, तो म्हणाला, “ताई, मी देऊन येतो, पैसे कशाला घालवतेस?” एरवी त्यालाच पाठवलं असतं. पण कंपनी बजावणीवरच बोट ठेवणार हे दिसत होतं. नोंदणीकृत प्रोसेस सर्व्हरच्या (कोर्टाचे कागद बजावून देणं हाच ज्याचा धंदा त्याच्या) लेखी अहवालाला एव्हिडन्स कोडच्या कलम ६४७ खाली जास्त वजन आहे, त्याविरुद्ध पुरावा आणायची जबाबदारी समोरच्यावर जाते. ९५ डॉलर देऊन असा माणूस लावला. त्याला लेखी सूचना दिली: रिसेप्शनवर ठेवू नका, मालकालाच द्या, आणि कागद त्या ओहायोच्या कंपनीसाठी आहेत हे तोंडी सांगा.

तो माणूस पहिल्यांदा गेला तेव्हा मालक बाहेर होता. ४ फेब्रुवारीला सकाळी भेटला आणि कागद हातात पडले. संध्याकाळी फोटोसह संदेश आला. मला हायसं वाटायला हवं होतं, पण रात्री झोप लागेना. हा वितरक या सगळ्या प्रकरणात सर्वांत सरळ वागलेला माणूस होता. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी फोन करायचा, तंत्रज्ञाचे पैसे त्याने मागितले नव्हते. आणि त्याच्या दारात मी कोर्टाचा माणूस उभा केला होता. बजावणी झाल्याची खात्री होताच मी त्याला पत्र टपालात टाकलं होतं: दावा तुमच्यावर नाही, तुमच्याकडून एक पैसाही मागितलेला नाही, कायद्याने कंपनीपर्यंत कागद पोचवायचा माझ्यासमोर हाच मार्ग आहे, कृपया ते आजच कंपनीकडे पाठवा. हे पत्र आधी पाठवू नये असं माझं मत आहे, कारण आगाऊ कळलं तर माणूस कागद घ्यायचं टाळू शकतो. पण नंतर मात्र जरूर लिहावं. कायद्यात सक्ती नाही, माणुसकीला आहे.

पत्र पोचायच्या आतच त्याचा फोन आला. आवाज चढलेला होता. मी स्वतंत्र आहे, माल विकत घेतो आणि विकतो, कंपनीचा मॅनेजर नाही, हे परत घेऊन जा. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की तुम्हाला जे वाटतं ते तुम्ही कोर्टाला लिहून कळवू शकता, पण कागद कंपनीला पाठवा, म्हणजे तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. त्या आठवड्यात पाकीट माझ्याकडे टपालाने परत आलं. ते पाहून पोटात गोळा आला. सल्लागार बाईंना विचारलं. हाती दिलेला कागद नंतर परत पाठवल्याने झालेली बजावणी पुसली जात नाही, असं त्यांनी सांगितलं. परत आलेलं पाकीट मी न फोडता, शिक्क्यासह जपून ठेवलं.

प्रोसेस सर्व्हरने भरून दिलेला एससी-१०४, म्हणजे बजावणीचा पुरावा, कोर्टात दिला. सुनावणीच्या किमान पाच दिवस आधी तो पोचावा लागतो. मी फेब्रुवारीतच देऊन शिक्क्याची प्रत घेतली.

महिनाअखेर कंपनीचं पत्र कोर्टात आलं, मला प्रत. वितरक आमचा नोकर नाही, एजंट नाही, करारात तसं स्पष्ट लिहिलं आहे, म्हणून आमच्यावर बजावणी झालेलीच नाही, दावा काढून टाकावा. सोबत कराराचं एक पान. पत्र वाचून घरात सगळे गप्प झाले. मी मात्र त्या पत्रात दुसरी गोष्ट पाहत होते: कागद कंपनीपर्यंत पोचले होते, आणि तेही वितरकामार्फत. दुसऱ्या कसोटीचं उत्तर कंपनीने स्वतःच लिहून दिलं होतं.

११ मार्चला कंपनीकडून कोणी आलं नाही. न्यायाधीशांच्या जागी तात्पुरते नेमलेले वकील बसले होते. त्यांच्यापुढे चालवायला दोन्ही बाजूंची संमती लागते, ती न देण्याचा आपल्याला हक्क असतो. हॉलमध्ये माझ्या आधीची प्रकरणं दहा-पंधरा मिनिटांत उरकत होती. माझ्या वेळी त्यांनी फाइल बघून सरळ विचारलं की हा माणूस जनरल मॅनेजर कसा? मी दोन्ही कसोट्यांपुढे एकेक कागद लावलेला एक पानाचा तक्ता आणि कॉस्पर निकालाची प्रत दिली. त्यांनी वाचलं. कंपनीच्या गैरहजेरीत एकतर्फी निकाल द्यायला मात्र तयार झाले नाहीत. कंपनीला या कागदांवर उत्तर द्यायची संधी द्यावी म्हणून तारीख १५ एप्रिलला नेली, आणि क्लार्कने दोघांनाही तशी नोटीस टपालाने पाठवली.

तेव्हा वाईट वाटलं. आता वाटतं की तो निर्णय माझ्या भल्याचाच होता. कारण बजावणी कच्ची राहून मिळालेला एकतर्फी निकाल टिकत नाही. स्मॉल क्लेम्समध्ये ज्याला कागद नीट बजावले गेले नाहीत तो प्रतिवादी, निकालाची माहिती झाल्यापासून १८० दिवसांत तो रद्द करायचा अर्ज करू शकतो. शिवाय कंपनीने पैसे दिले नाहीत तर वसुलीसाठी हा निकाल ओहायोच्या कोर्टात नेऊन नोंदवावा लागला असता. राज्यघटनेने एका राज्याच्या निकालाला दुसऱ्या राज्याने मान द्यायचा असतो खरं, पण तिथे पहिला हल्ला होतो तो याच दोन जागी: कोर्टाला अधिकार होता का, आणि प्रतिवादीला रीतसर कळवलं होतं का. म्हणून सांगते, समोरचा आला नाही तर आनंद मानून घाई करू नका. बजावणीबद्दलचे कागद त्या दिवशीच कोर्टाच्या फाइलला लावून घ्या.

१५ एप्रिलला कंपनीच्या ग्राहकसेवा विभागातली एक बाई व्हिडिओवरून हजर झाल्या, कंपनीच्या वतीने बोलायची अधिकृत संमती, एससी-१०९, घेऊन. त्यांनी आधी वितरकाचा मुद्दा मांडला. न्यायाधीशांनी विचारलं, कॅलिफोर्नियात हमीचा दावा आला तर तपासायला कोण जातं? त्यांनी वितरकाचं नाव सांगितलं. अहवाल कोणाकडे येतो? आमच्याकडे. हे दावापत्र तुम्हाला कोणी पाठवलं? वितरकानेच. मग त्या बाई पाण्याच्या दाबाबद्दल, टाकीच्या सांध्याबद्दल, नुकसानीच्या रकमेबद्दल सविस्तर बोलल्या. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि नोंदवलं की बजावणी त्यांना पुरेशी वाटते, आणि तसंही प्रतिवादी आता मूळ प्रश्नावर बोलल्यामुळे कोर्टात हजर झालेलाच आहे. कोड ऑफ सिव्हिल प्रोसीजरच्या कलम ४१०.५० प्रमाणे प्रतिवादीने असं उघड हजर होऊन दावा लढवला की बजावणीतली उणीव धरून बसता येत नाही. एवढ्या तयारीनंतर प्रश्न अशा रीतीने सुटला. पण वितरकाच्या हातात ते कागद पडले नसते, तर ओहायोतलं कोणी त्या पडद्यावर दिसलंच नसतं.

मूळ प्रश्नावर माझ्या बाजूने प्लंबरचा दाबाचा अहवाल, फुटलेल्या टाकीचे फोटो, सासऱ्यांचं प्रतिज्ञापत्र आणि बिलं होती. टाकीचा फुटलेला तुकडा मी पिशवीत घालून नेला होता, तो न्यायाधीशांनी हातात घेऊन पाहिला. निकाल त्या दिवशी सांगितला नाही.

मेच्या सुरुवातीला एससी-१३०, म्हणजे निकालाची नोटीस, टपालाने आला. ५,२०० डॉलर आणि खर्चाचे १७० (फी आणि प्रोसेस सर्व्हर) मंजूर. भिंतीच्या कामातला काही भाग आणि वापरलेल्या काळाची घट वजा केली होती. मला ते रास्त वाटलं. स्मॉल क्लेम्समध्ये दावा लावणाऱ्याला अपील नसतं, प्रतिवादीला ३० दिवस असतं, आणि त्या मुदतीत वसुलीही करता येत नाही. तो महिना जड गेला. रोज पत्रपेटी उघडताना धाकधूक. अपील झालं नाही. निकालाच्या रकमेवर वर्षाला दहा टक्के सरळ व्याज चढतं हे नमूद करून मी कंपनीला एक छोटं, सभ्य पत्र पाठवलं, धनादेश कोणाच्या नावे आणि कोणत्या पत्त्यावर ते त्यात लिहिलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्ण रकमेचा धनादेश आला.

पैसे खात्यात जमा झाले की काम संपत नाही. पूर्ण रक्कम मिळाल्याची कबुली, एससी-२९०, कोर्टात लगेच द्यावी लागते. ती दिली नाही तर कंपनीच्या नावावर निकाल थकलेलाच दिसत राहतो आणि त्याची जबाबदारी आपल्यावर येते. मी धनादेश वटल्याची खात्री बँकेकडून करून घेतली, मग फॉर्म दिला, शिक्का मारलेली एक प्रत ओहायोला आणि एक, सोबत चिठ्ठी लिहून, सॅक्रामेंटोच्या त्या वितरकाला पाठवली.